फक्कीचं संग्रहालय

जी जागा मुळात नाहीच, तिच्यात इतक्या आरामात राहणारं माणूस मी आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही. मी इंग्रजी शाळेत नन्सच्या शिस्तीत वाढले आणि पुढे सगळी नोकरी कॉलेजच्या लायब्ररीत केली, त्यामुळे तऱ्हेवाईक माणसांचा मला तोटा पडला नाही. पुस्तकात खूण म्हणून बसचा पास, कंगवा आणि एकदा तर थालीपिठाचा तुकडा ठेवणारे प्राध्यापक मी पाहिले आहेत. पण आपल्या नेरूळच्या घरात, तुमच्या बाबाच्या जुन्या खोलीत, परवापरवापर्यंत जी मुलगी राहत होती, तिच्यापुढे ते सगळे सरळमार्गी म्हणायला हवेत. ईशान, तू मागे व्हिडिओ कॉलवर विचारलं होतंस, "आजी, बाबाच्या खिडकीला एवढे कागद का चिकटवलेत?" आणि तन्वी, तुला तिच्याशी बोलायचं होतं तेव्हा मी "ती म्युझियममध्ये आहे" म्हणाले, तर तू विचारलंस, "कुठल्या?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं फोनवर देण्यासारखी नव्हती. आता ती गेली आहे, खोली पुसून झाली आहे, आणि मला सवड आहे.

ती साताऱ्याकडची. वडिलांचं तालुक्याच्या गावी सिमेंट आणि सळयांचं दुकान. इथल्या एका कॉलेजात आर्किटेक्चर शिकत होती, आणि माझ्या एका जुन्या सहकारी बाईंच्या ओळखीने आमच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून आली. पहिल्या दिवशी खांद्याला तोफेसारखी एक नकाशांची लांब नळी आणि हातात एकच पिशवी घेऊन ती दारात उभी राहिली आणि आत येईना. मी म्हटलं, "ये ना." तर दाराकडे बघत म्हणते, "आज्जी, तुमचं दार आत उघडतंय आणि आत आलं की समोर चपलांचं कपाट. म्हंजी माणूस आत आलं की पहिल्यांदा दाराच्या मागं कोंडलं जातंय बघा." आम्ही या घरात राहायला आल्यापासून आलेला प्रत्येक माणूस दाराच्या मागे कोंडला गेलेला आहे, हे त्या क्षणापर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तुमचे आजोबा आतून म्हणाले, "वसुली करणाऱ्यांसाठी सोय आहे ती." ती हसली आणि मग आत आली. आत येऊन काही वेळ कोंडली गेली, हेही सांगायला हवं.

आता म्युझियमबद्दल. आपल्या सोसायटीच्या मागे, खाडीच्या अंगाला जो मोकळा प्लॉट आहे, जिथे ईशान मागच्या खेपेला बॉल हरवून आला होता, तिथे हे शहर नवं नवं आखलं जात होतं तेव्हा एक संग्रहालय व्हायचं होतं. शहराच्या आधी इथे मिठागरं होती, आगऱ्यांची आणि कोळ्यांची गावं होती. त्यांची आठवण कुठेतरी राहावी म्हणून एका नावाजलेल्या वास्तुकाराकडून नकाशे करून घेतले होते. मिठाच्या राशींसारखी शंकूच्या आकाराची छपरं, उंच जोतं, आणि मोठ्या रस्त्यावरून थेट मुख्य दाराशी नेणारा रुंद, भव्य जिना. मग ते का बांधलं गेलं नाही हे कुणालाच नीट सांगता येत नाही. वास्तुकार वारले, नकाशे तेवढे उरले. प्लॉटवर "सांस्कृतिक उपयोगासाठी राखीव" असा बोर्ड आहे आणि त्या बोर्डाखाली आमचा हास्यक्लब रोज सकाळी हसतो. आजवर झालेला सांस्कृतिक उपयोग एवढाच.

आमच्या मुलीने शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी हेच न झालेलं संग्रहालय घेतलं होतं. ते जसंच्या तसं काढायचं नव्हतं. आज, या जागी, या लोकांसाठी ते पुन्हा कसं करता येईल ते दाखवायचं होतं. इतर मुलं असा विषय घेतात आणि कॉम्प्युटरवर काम करतात. ही जुने नकाशे खिडकीला चिकटवून उजेडात त्यांवरून नवे गिरवायची (ईशान, तेच ते कागद), आणि शेवटी संग्रहालयात राहायलाच गेली. जेवताना वरणाला बोट लावून म्हणायची, "आज तिसऱ्या दालनात लई उकडतंय." आजोबा म्हणायचे, "मग पंखा लाव की." "छताला हूक कुठं लावणार आजोबा? शंकू हाय." मग दोघं अर्धा तास शंकूला हूक कसा लावावा यावर बोलत बसायची आणि माझी भाजी गार व्हायची. एकदा तिच्या आईचा फोन आला. मुलगी अंघोळीला गेली होती आणि सकाळपासूनचं तिचं बोलणं माझ्या कानात होतं, म्हणून मी सहज सांगितलं, "ती जिन्यावर अडकली आहे." त्या माऊलीने पलीकडे असा काही सूर काढला की पुढचा सगळा वेळ तो जिना अस्तित्वात नाही हे पटवण्यात गेला. शेवटी त्या म्हणाल्या, "जिना नाही, तर मग पोरगी कशावर अडकलीय?"

माणूस दिसलं की माप घ्यायचं ही तिची दुसरी सवय. टेपची गरज नसे. वीत, कोपरापर्यंतचा हात आणि ओढणी एवढ्यावर तिचं भागायचं. प्लंबर आला तर नळापेक्षा त्याचा हात कुठवर पोचतो ते बघायची. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकू हळदीकुंकवाचं बोलवायला आल्या, तर त्यांना खुर्चीवर बसवून विचारते, "काकू, उठताना तुमी हात कशावर टेकता?" काकूंना वाटलं, ही आपलं वय काढते आहे. रागावून गेल्या. चार दिवसांनी बहिणीला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हिचंही बघ गं, हिला तर उठवतच नाही." माझ्यावर तर रीतसर प्रयोगच झाले. जुनी इंग्रजी मासिकं मी वर्षवार बांधून ठेवली आहेत, त्यांचे गठ्ठे एकावर एक रचून ती मला त्यांवर चढायला लावायची. मी "आई गं" म्हटलं की तिथला वरचा गठ्ठा काढून टाकायची आणि कागदावर काहीतरी लिहायची. "आज्जी, तुमचा गुडघा म्हंजी माझा इन्स्पेक्टर," असं ती म्हणायची. आयुष्यभर मी लोकांच्या हातातल्या पुस्तकांची तपासणी केली. म्हातारपणी माझ्या गुडघ्याला एका इमारतीवर नेमणूक मिळाली.

तिची मॉडेल्स मात्र खाण्याच्या वस्तूंची असत. कारण असं, की पुठ्ठा कापायला वेळ लागतो आणि विचार तेवढा वेळ थांबत नाही, असं तिचं म्हणणं. चिक्कीच्या भिंती, शेवेची खारफुटी. छपरांसाठी तिने माझे उडदाचे पापड घेतले. भाजल्या भाजल्या गरम असताना गुंडाळला की पापडाचा झकास शंकू होतो, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर पाचही दालनं छपरांसकट उभी राहिली. ती कॅमेरा आणायला खोलीत गेली आणि परत येते तो दक्षिणेकडच्या दालनाचं छप्पर नाही. आजोबा चहा घेत होते. ते अगदी शांतपणे म्हणाले, "ते जरा करपलं होतं." मला वाटलं, आता मुलगी रडते. तिने वाकून, डोळा बारीक करून ते उघडं दालन या बाजूने त्या बाजूने पाहिलं आणि म्हणाली, "आजोबा, छप्पर नसलेलंच बरं दिसतंय हो. अजून एक खाऊन बघता का?" तिच्या शेवटच्या नकाशात दक्षिणेचं दालन उघडंच राहिलं आहे. संग्रहालयाच्या रचनेत आपला हात आहे असं आजोबा आता सगळ्यांना सांगतात. हात नव्हे, दात, एवढंच मी दुरुस्त करते.

माझं आणि तिचं मात्र सुरुवातीला जमत नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरातले डबे बाराखडीप्रमाणे लावलेले असतात हे तुम्हांला माहीत आहे, तुमचा बाबा त्यावरून मला अजून चिडवतो. तिने पहिल्याच आठवड्यात टोकलं. "आज्जी, तुमची हळद 'ह' म्हणून सगळ्यांत शेवटी. दिवसातनं चारदा लागणारी वस्तू सगळ्यांत लांब, आणि ओवा पहिला. ओवा कधी लागतो तुमाला?" मी सांगितलं की ओवा लागो न लागो, वस्तू जिथे सापडेल असं वाटतं तिथेच ती सापडली पाहिजे, याला व्यवस्था म्हणतात. पुढे एकदा, ती कॉलेजला गेलेली असताना, मी हळदीचा डबा उचलून शेगडीजवळ ठेवला. तिने आल्यावर तो पाहिला आणि त्या संध्याकाळी आमटीत हळद तिनेच घातली. आमची मैत्री त्या दिवसापासून धरायला हरकत नाही.

तिला एकच गोष्ट सापडत नव्हती, ती म्हणजे दार. ज्या मोठ्या रस्त्याकडे तोंड करून तो भव्य जिना काढला होता, तिथे आता उड्डाणपूल आहे. जिना उतरून माणूस थेट पुलाच्या खांबावर आपटेल. म्हणजे दार हलवायला हवं. मागच्या वर्षी तिने ते हलवलंही होतं, चांगलं सुरेख दार केलं होतं. परीक्षकांनी एकच विचारलं, "इथे का?" तिला सांगता आलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाच्या नकाशातलं दार उचलून दुसरीकडे ठेवायचं, तर कारण हवं; कारण नसेल तर ती खोडी झाली, असं म्हणून त्यांनी तिला नापास केलं. वडिलांनी फी पुन्हा भरली, पण बजावून सांगितलं, की यंदा शेवटचं. यंदा नाही झालं तर गावी यायचं, दुकानावर बसायचं, आणि सळया घ्यायला येणाऱ्या लोकांना बंगल्याचे नकाशे काढून द्यायचे. ते बोलणं मी तिच्याच फोनवर, स्पीकर चालू होता म्हणून, ऐकलं. माणूस कठोर नव्हता. "बाळा, यंदाबी पडलीस तर मग उगं हट्ट कशाला?" असं म्हणत होता. ती म्हणाली, "बरं, बाबा." त्यानंतर माझ्यासमोर बसून तिने नखाने टेबलाची कड खरवडली आणि म्हणाली, "आज्जी, बंगल्याला दार कुठं करायचं ते मालकच सांगतो. त्यात माझं काय काम?"

त्यानंतर घरात येणाऱ्या कुणालाही ती एकच प्रश्न विचारायची, "तुमी कुठनं आलात?" कोणी "ठाण्याहून" म्हटलं की वैतागायची. "तसं न्हाई, सोसायटीत कुठल्या बाजूनं आलात? पुढच्या गेटनं का मागच्या? का बरं?" सानपाड्याचे माझे चुलतभाऊ यामुळे आमच्याकडे यायचेच बंद झाले. सोसायटीत मासे विकायला येणाऱ्या कोळीणबाईंना तिने विचारलं तेव्हा त्या टोपली खाली ठेवून म्हणाल्या, "बाय, मी लहान व्हते तवा हिकरं गेटबी नव्हता न् तुझी सोसायटीबी नव्हती. कुठशीबी यावं. तू कोलंबी घेतेस का?" तिने कोलंबी घेतली. आमच्या घरी कोलंबी कुणी खात नाही. ती आजोबांनी खाल्ली.

परीक्षा जवळ आली तरी दार सापडेना. तेव्हा तिच्या सरांनीच सुचवलं, की कागदावर कळत नसेल तर जमिनीवर काढून बघ. प्लॉट जवळच आहे, परीक्षकांना तिथेच आणतो. बांधकाम सुरू करण्याआधी जमिनीवर नकाशा खऱ्या मापात आखतात, त्याला लाइनआऊट म्हणतात. तिने कबड्डीच्या मैदानाला घालतात त्या पांढऱ्या फक्कीची पोती आणली, वर्गातल्या मुलामुलींना गोळा केलं आणि परीक्षेच्या आदल्या दुपारी सगळं संग्रहालय प्लॉटवर काढलं. मी गॅलरीतून पाहत होते. वरून ते खरोखरच इमारतीसारखं दिसत होतं, फक्त उंची तेवढी यायची राहिली होती. दार तिने नाइलाजाने पूर्वेला दाखवलं होतं, कारण कुठेतरी दाखवायलाच हवं. मग तिने वडिलांना फोन लावला, आखणी झाली म्हणून सांगायला. त्यांनी पहिलंच विचारलं, "नारळ फोडलास का?" ही म्हणाली, "बाबा, हे खरं बांधायचं न्हाईये." तर ते म्हणाले, "लाइनआऊट मारलं म्हंजी काम सुरू झालं. इमारत खरी हाय का खोटी, ते जमिनीला काय कळतंय? कोपऱ्यावर नारळ फोड, हळदकुंकू वाहा, अन् मग घरी जा." नारळ आणि हळदकुंकू माझ्याकडून गेलं. हळद हाताशी होती, हे मुद्दाम नमूद करते.

सकाळी आम्ही दोघं मुलांसाठी चहाचा थर्मास घेऊन खाली उतरलो. आजोबांच्या हातात त्यांचं घडीचं स्टूल होतं. ते हास्यक्लबात बसून हसतात. पाहतो तो आमची मुलगी कपाळाला हात लावून उभी आणि तिच्या संग्रहालयात पंधरावीस माणसं अनवाणी फिरताहेत. पांढऱ्या रेघा, नारळ, हळदकुंकू एवढं दिसल्यावर आपली माणसं दुसरं काय करणार? त्यांनी चपला काढल्या होत्या. कुलकर्णी काकू पदर खोचून मधल्या दालनातून प्रदक्षिणेच्या चालीने जात होत्या. मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "काकू, हे देऊळ न्हाई हो!"

"मग नारळ कशाला फोडलास?"

"बाबांनी सांगितलं म्हणून."

"बाबांनी सांगितलं ना? मग झालं तर."

हास्यक्लबचे प्रमुख पुढे येऊन गंभीरपणे म्हणाले, "बेटा, आत कुठला देव आहे?"

"कुठलाच न्हाई, काका."

"असं होय. म्हणजे अजून बसवायचाय." आणि त्यांनी नमस्कार केला.

"आज्जी, आता थोड्या वेळात सर येतील परीक्षकांना घेऊन," ती माझा हात धरून म्हणाली. "माझ्या म्युझियमचं लोकांनी देऊळ केलं. आता मी काय करू?" गोंधळ झाला की मी आवरायला लागते. समोर चपलांचा ढीग पडला होता. स्लिपरा, सँडल, मोजे कोंबलेले पळायचे बूट, कुलकर्णी काकूंच्या तळव्याला टोचणाऱ्या त्या औषधी चपला. मी वाकून एकेक जोडी सरळ लावायला लागले. रांग पूर्ण झाली तेव्हा मुलगी माझ्या शेजारी येऊन वाकून पाहत होती.

"आज्जी, ह्या तुमी हितं आणून लावल्या?"

"नाही बाई. जिथे होत्या तिथेच जोडीने लावल्या."

"दार तर मी तिकडं काढलंय. नारळ त्या कोपऱ्यावर हाय. मग सगळ्यांनी हितंच का काढल्या? हितं तर माझी भिंत हाय!"

खरंच, लोक तिच्या फक्कीच्या भिंतीपाशीच चपला काढून, भिंत ओलांडून आत गेले होते. ती खाली बसली आणि तिने जमिनीवर हात फिरवला. मग स्वतःच्या चपला काढून एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून उभी राहिली. म्हणाली, "तुमीबी काढा बघू." मी काढल्या. इकडच्या पायाला खडबडीत लागत होतं आणि तिकडच्या पायाला मऊ, गार. "मुरूम संपतोय हितं," ती हळूच म्हणाली. "हा मुरूम शहर वसवताना भरावाला टाकलेला. त्याच्या पुढची ही पांढुरकी माती जुनी हाय. मिठागराची. टोचायचं थांबतंय तिथं लोकांनी पाय मोकळे केलेत, आज्जी." आणि ती उठली. वॉचमनचा खराटा तिथेच पडला होता. तो उचलून तिने आपली भिंत चपलांच्या रांगेएवढी झाडून टाकली. पूर्वेचं दार फक्कीने बुजवलं. दोन मिनिटांत सगळं झालं. मागच्या वर्षापासून जे अडलं होतं, ते झाडायला एवढाच वेळ लागला.

परीक्षक आले. सत्तरीकडे झुकलेले, उंच, नाडीचे काळे बूट घातलेले गृहस्थ. आजोबांच्या स्टुलाला टेकवून ठेवलेले नकाशे त्यांनी उभ्या उभ्याच पाहिले आणि मग जमिनीकडे पाहिलं. "कागदावर दार पूर्वेला आहे. जमिनीवर इथे आहे. इथे का?" तोच प्रश्न. तिच्या सरांनी डोळे मिटून घेतले. पाठ केलेलं सगळं इंग्रजी ती विसरली, ते मला तिच्या मानेवरून कळलं. ती म्हणाली, "सर, बूट काढा."

हास्यक्लबसुद्धा गंभीर झाला. परीक्षकांनी चपलांच्या रांगेकडे पाहिलं, आत अनवाणी उभ्या असलेल्या कुलकर्णी काकूंकडे पाहिलं, आणि बसायला काही आहे का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. आजोबांनी नकाशे बाजूला करून स्टूल पुढे केलं. परीक्षक बसले, नाड्या सोडल्या, मोजे काढले, ते घडी करून बुटात ठेवले, आणि आत गेले. मुरुमावरून मातीवर पाय पडला तेव्हा ते थांबले. एक पाऊल मागे आले, पुन्हा पुढे गेले. मग बराच वेळ नुसते उभे राहिले. मोठी माणसं पाण्यात पाय सोडून बसतात तेव्हा जशी दिसतात, तसे दिसत होते.

बाहेर आले ते कपाळाला आठी घालूनच. "चूक आहे," ते म्हणाले. मुलीचा चेहरा उतरला. "दार बरोबर आहे. पण दाराशी बूट काढायला लावतेस आणि बसायला बाक नाही? हे स्टूल तुझ्या डिझाइनमध्ये आहे का?"

"न्हाई सर. ते आजोबांचं. मी बाक करते, सर."

"करते नाही. आत्ता कर."

तिने ओंजळभर फक्की घेतली आणि स्टुलाच्या जागी लांब बाक काढला. रेघ सरळ आली. "उंची?" त्यांनी विचारलं. तिने वर न बघता उत्तर दिलं, "आज्जीच्या गुडघ्याएवढी." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी पायात चपला नसताना जितक्या सन्मानाने उभं राहता येईल तितकी उभी राहिले.

ती पास झाली. मार्क काही फार पडले नाहीत. बाकाचे कापले असं आजोबांचं मत आहे. निकालानंतर तिला बंगळूरहून नोकरीचं बोलावणं आलं, तरी वडील शेंगांचं पोतं घेऊन तिला न्यायला आले. सामान बांधून झालं होतं. ते म्हणाले, "इमारत तरी दाखव मला." आम्ही त्यांना प्लॉटवर घेऊन गेलो. खाडीच्या वाऱ्याने फक्की केव्हाच उडून गेली होती आणि मुलं क्रिकेट खेळत होती. ती सांगत होती, हे मधलं दालन, इथं छप्पर न्हाई, हे आजोबांनी खाल्लं. वडील ऐकत होते. "दार कुठं म्हणालीस?" त्यांनी विचारलं. तिने जागा दाखवली. त्यांनी वाकून वहाणा काढल्या, जोडीने ठेवल्या, आणि काही नसलेल्या त्या दारातून आत गेले. परत आल्यावर पायांची माती न झटकता म्हणाले, "बंगळूरचं ते नोकरीचं बोलावणं आलंय म्हणतीस, तिकडं जा. दुकान कुठं पळून चाललंय?" तिने मान डोलावली आणि पुढचा सगळा वेळ कोपऱ्यावरच्या नारळाची जागा शोधत राहिली.

तुमच्या बाबाची खोली आता पूर्वीसारखी आहे. खिडकीवरची चिकटपट्टी मी कोमट पाण्याने काढली, मासिकांचे गठ्ठे वर्षवार परत लावले. हळद तेवढी शेगडीजवळच आहे. दार अजून आतच उघडतं, आणि कुणी आलं की दाराच्या मागे कोंडलं जातं. आता मात्र दर वेळी माझ्या ते लक्षात येतं. संध्याकाळी आम्ही दोघं मागच्या गेटने प्लॉटवर फिरायला जातो. मुरूम संपतो तिथे पाय आपोआप थांबतात. हल्ली तिथे चपलांच्या आणखीही दोनचार जोड्या दिसतात, आणि त्या कुणाच्या हे मी विचारत नाही, फक्त सरळ लावते. तुम्ही दिवाळीत याल तेव्हा तुम्हांला तिथे नेईन. पाहण्यासारखं काही नाही, पण आत जाता येतं. तिथे अजून बाक झालेला नाही, तेव्हा नाडीचे बूट घालून येऊ नका.